आणेवारी आणि तराजू

पीक किती आलें, हा प्रश्न दिसावयास साधा. परंतु सरकारचा सारा, शेतकऱ्याची सूट आणि दुष्काळांतील धान्याची तजवीज हीं सर्व त्याच्याच उत्तरावर अवलंबून असत. इंग्रजी अमदानींत हें उत्तर तीन आंकड्यांच्या गुणाकारानें काढीत: पेऱ्याचें क्षेत्र, एकरीं सर्वसाधारण उत्पन्न आणि त्या सालची आणेवारी. जेथें जमिनीची मोजणी झाली होती, तेथें क्षेत्राचा आंकडा बहुधा भरंवशाचा असे. आणेवारी मात्र बांधावर उभें राहून नजरेनें ठरवीत. पूर्ण पीक कांहीं प्रांतांत सोळा आणे धरीत, कांहींत बारा! कमी लिहिलें तर सारा बुडे, जास्त लिहिलें तर कुणबी बुडे, आणि लिहिणाऱ्याचें लक्ष वरिष्ठांच्या मर्जीकडे असे. त्या बिचाऱ्याला तरी काय दोष द्यावा? त्याच्या हातीं ना दोरी होती, ना तराजू.

या अंदाजाची कसोटी १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत लागली. हा गुजराती जिल्हा तेव्हां मुंबई इलाख्यांत होता. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असल्यास साऱ्याची वसुली तहकूब करावी, असा नियम होता. पीक बुडालें, असें रयत म्हणे. सरकारी आंकडा चार आण्यांच्या वर होता. भारत सेवक समाजाचे देवधर, जोशी व ठक्कर यांनीं चौकशी केली, गांधीजींनीं गांवोगांव माहिती जमविली, आणि मार्चमध्यें सत्याग्रह सुरू झाला. गुरेंढोरें जप्त झालीं. या लढ्याला दुसरेही अर्थ होते, हें खरें. पण तंटा मुळांत चार आण्यांचा, आणि एकाही पक्षापाशीं तोलून काढलेला आंकडा नव्हता.

तोलण्याचा मार्ग दुसऱ्याच प्रांतांत निघाला. बिहार-ओरिसांत जॉन हबक या सनदी अधिकाऱ्यानें १९२३ ते १९२५ च्या दरम्यान, कोणाची आवडनिवड न ठेवतां जागा निवडून, भाताचे लहान लहान तुकडे कापविले व त्यांचें वजन केलें. पुढें बंगाल्यांत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीं हें काम मोठ्या प्रमाणावर चालविलें.

सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनहून संख्याशास्त्र शिकून आले आणि १९४० पासून शेतकी संशोधन परिषदेंत काम करूं लागले. त्यांनीं नव्या नोकरांची फौज उभी केली नाहीं. आजवर नजरेनें लिहिणारे जे महसूल व शेतकी खात्यांतील कामगार, त्यांच्याच हातीं दोरी, खुंट्या व तराजू देऊन त्यांना शिकविलें. गांव व शेत कोष्टकांतील आंकड्यावरून निवडावयाचें. वाटेवरचें, सोयीचें शेत घ्यावयाचें नाहीं. शेताच्या एका कोपऱ्यापासून नेमलेलीं पावलें लांबीस व रुंदीस मोजून तेथें खुंटी ठोकावयाची, आणि ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराच्या ऐंशीव्या हिश्शाचा, तुकडा आंखावयाचा. मग कापणी, मळणी, वजन. थोडें धान्य वाळवून पुनः वजन.

येथें एक मौजेची गोष्ट आढळली. तुकडा फार लहान घेतला कीं उत्पन्न वाजवीपेक्षां जास्त भरे! दोरीवर आलेलें रोप आंत कीं बाहेर, अशी शंका आली कीं कापणारा तें नकळत आंत ओढी. आणि लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानानें कड मोठी. सुखात्मे यांनीं हें १९४६ सालीं ‘नेचर’ या इंग्रजी नियतकालिकांत मांडलें. महालनोबिस लहान वर्तुळांच्या बाजूचे. शिकविलेले स्वतंत्र कामगार आणि दोन तुकड्यांकडून परस्परांचा पडताळा, यांवर त्यांची भिस्त होती. वाद बराच रंगला. परंतु ज्यांना सामान्य कामगारांकडून काम घ्यावयाचें होतें, त्यांना मोठा तुकडाच सोयीचा पडला.

वऱ्हाडांत विनायक गोविंद पानसे यांनीं हीच पद्धत कापसाला लावली. तेथें अडचण निराळी. कापूस एकदांच वेंचून होत नाहीं. म्हणून आंखलेल्या तुकड्यांत प्रत्येक वेंचणीला जाऊन वजन करावें लागे.

आतां आण्यांच्या जागीं पैसे आले, तरी महाराष्ट्रांत पैसेवारी अजून निघते, आणि ती ५० पैशांच्या खालीं आली कीं टंचाईचा विचार सुरू होतो. मात्र तिच्यासाठींही आतां शेतांत दोरी धरून कापणी करतात. २०१६ सालच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंतही भरपाईचा आधार मुख्यतः अशा कापणीचाच आहे.