किल्ली कोणाची? अपडेटनंतर ‘रूट’ परत मिळवण्याचा इतिहास

#थ्रेड

१/ २२ ऑक्टोबर २००८ रोजी अमेरिकेत ‘टी-मोबाइल जी१’ हा जगातील पहिला अँड्रॉइड फोन विक्रीस आला. तीन आठवड्यांच्या आतच त्याच्या मालकांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. फोन नुकताच सुरू केलेला असताना एखाद्या संदेशात ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द टाइप करून एंटर दाबले, की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई. कळफलकावर लिहिलेले प्रत्येक अक्षर संदेशाबरोबरच पडद्याआड चालू असलेल्या एका आज्ञापटलाकडेही जात होते, आणि त्या आज्ञापटलाला फोनवरील सर्वोच्च अधिकार होते. या अधिकाराचे नाव ‘रूट’.

२/ हे नाव फोनपेक्षा पुष्कळ जुने. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीची उभारणी सुरू केली. एकाच संगणकावर अनेक जण काम करीत. म्हणून प्रत्येकाच्या अधिकारांना मर्यादा घातली गेली आणि शून्य क्रमांकाचे एक खाते मात्र सर्वाधिकारी ठेवले गेले. ‘एसयू’ या आज्ञेने जाणकार माणसाला ते अधिकार तात्पुरते धारण करता येत. ही आज्ञा १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेतही आहे. १९९१ मध्ये जन्मलेल्या लिनक्सने हीच व्यवस्था स्वीकारली, आणि अँड्रॉइड लिनक्सवरच उभे आहे.

३/ फरक इतकाच, की संगणकावर रूटचा परवलीचा शब्द यंत्राच्या व्यवस्थापकाकडे असे. फोनमध्ये रूट खाते तर होते, पण ते विकत घेणाऱ्याला त्यात शिरण्याचा मार्ग ठेवलेला नव्हता. तो अधिकार कंपनीकडे होता, आणि कंपनी तो अपडेटच्या रूपाने वापरी. म्हणूनच या इतिहासातील बहुतेक लढाया अपडेटच्या रात्री झाल्या.

४/ सामान्य माणसाला रूट हवे तरी कशासाठी? कोणाला संपूर्ण फोनची प्रत काढून ठेवायची असे, कोणाला कंपनीने आधीच भरलेली निरुपयोगी अ‍ॅप काढून टाकायची असत. मराठी वाचकाचे कारण तर आणखीच मूलभूत होते. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्या चालवणाऱ्या अनेक फोनांत देवनागरीचा फाँटच नसे. मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. रूट मिळवून प्रणालीच्या फोल्डरात फाँटची फाइल बदलली, की अक्षरे उमटत. जोडाक्षरे तुटत, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच ठिकाणी पडे, तरीही वाचता येई. मग अपडेट येई, बदललेली फाइल पुसली जाई आणि चौकोन परत येत. पुढे अँड्रॉइड ४ च्या काळात देवनागरी मूळ प्रणालीतच आली आणि ही गरज सरली.

५/ पुन्हा जी१ कडे. त्याच आज्ञापटलातून एक छोटी सेवा सुरू करून मालकांनी रूट मिळवले. हे ज्या प्रणालीवर शक्य होते तिचे नाव होते ‘आरसी२९’. गूगलने तातडीने ‘आरसी३०’ हे अपडेट धाडले. ते हवेतून आपोआप उतरे. ज्यांनी ते घेतले त्यांचे रूट गेले, आणि ते मिळवण्याची वाटही बुजली. अपडेटनंतर रूट परत मिळवण्याचा प्रश्न असा पहिल्या अँड्रॉइड फोनच्या पहिल्याच महिन्यात उभा राहिला.

६/ त्यावरचे पहिले उत्तर होते मागे जाणे. जी१ च्या बूटलोडरला, म्हणजे फोन सुरू होताना सर्वप्रथम चालणाऱ्या प्रोग्रॅमला, मेमरी कार्डावरून जुनी अधिकृत प्रणाली भरून घेता येत असे. मालकांनी आरसी२९ ची फाइल कार्डावर ठेवली, कॅमेऱ्याचे बटण दाबून धरत फोन सुरू केला, आणि आरसी३० वरून ते खाली उतरले. जुने छिद्र पुन्हा उघडे झाले, रूट हाती आले.

७/ पण पुढच्या अपडेटला ते पुन्हा जाणार, हे उघड होते. म्हणून दुसरी पायरी महत्त्वाची ठरली. अपडेट बसवण्याचे काम ‘रिकव्हरी’ नावाचा वेगळा छोटा प्रोग्रॅम करतो, आणि तो फक्त कंपनीची डिजिटल सही असलेली फाइल स्वीकारतो. ‘जीझसफ्रीक’ या टोपणनावाच्या विकासकाने ही रिकव्हरीच बदलली. ती आता मालकाने तयार केलेली फाइलही स्वीकारू लागली. त्याने आरसी३० चीच अशी आवृत्ती काढली, की सुधारणा कंपनीच्या आणि रूट मालकाचे. जुनी प्रणाली प्रत्येक वेळी सुरू होताना मूळ रिकव्हरी परत लिहून टाकी. म्हणून ती मूळ प्रतही बदलावी लागे. दरवाजा ताब्यात ठेवायचा, तर दरवाजा दुरुस्त करणाऱ्यालाही रोखणे भाग होते.

८/ कंपन्यांची भूमिका या काळात एकसारखी नव्हती. डिसेंबर २००८ मध्ये गूगलनेच विकासकांसाठी ३९९ डॉलरचा कुलूप नसलेला फोन काढला. जानेवारी २०१० च्या ‘नेक्सस वन’मध्ये एका आज्ञेने बूटलोडर खुला करता येई, वॉरंटी जाईल एवढी सूचना मात्र दिली जाई. जुलै २०१० मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट व्यवस्थेने, आपल्या फोनवर आपल्या पसंतीचे प्रोग्रॅम चालवण्यासाठी त्याचे निर्बंध तोडणे हा कायदेभंग नाही, अशी सूट दिली. कायदा मालकाच्या बाजूला झुकला होता. तंत्र मात्र उलट दिशेने निघाले होते.

९/ बहुतेक फोनांचे बूटलोडर बंदच असत. तेथे रूट मिळे ते प्रणालीतील एखाद्या सुरक्षा-त्रुटीतून. त्रुटी वापरून क्षणभर सर्वाधिकार मिळवायचा, ‘एसयू’ची फाइल प्रणालीच्या पार्टिशनमध्ये ठेवायची, आणि तिच्यावर ‘ही चालवणाऱ्याला रूटचे अधिकार मिळोत’ अशी विशेष खूण करायची. अपडेट आले की दोन घाव एकदम बसत. फाइलींच्या परवानग्या मूळपदावर आणल्या जात, म्हणून ‘एसयू’ जागच्या जागी निर्जीव होई. आणि मुळात जिच्यातून शिरकाव झाला ती त्रुटीही बुजवली जाई.

१०/ २०११ च्या सुमारास ‘सुपरक्युरियो’ या विकासकाचे ‘ओटीए रूटकीपर’ हे अ‍ॅप यावर उपाय म्हणून आले. अपडेटपूर्वी ते ‘एसयू’ची एक प्रत बाजूला ठेवी आणि तिच्यावर ‘अपरिवर्तनीय’ अशी खूण करी, म्हणजे अपडेटला ती पुसता येत नसे आणि तिच्या परवानग्याही बदलता येत नसत. अपडेट उरकले, की त्या प्रतीच्या बळावर मूळ ‘एसयू’ पुन्हा उभे केले जाई. ‘चेनफायर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकासकाच्या ‘सुपरएसयू’नेही पुढे अशीच तग धरण्याची सोय दिली.

११/ कंपन्या छिद्रे बुजवत होत्या ती केवळ मालकाला रोखण्यासाठी, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मार्च २०११ मध्ये ‘ड्रॉइडड्रीम’ हे घातक सॉफ्टवेअर गूगलच्या अधिकृत बाजारातील पन्नासहून अधिक अ‍ॅपमध्ये सापडले. उत्साही मालक ज्या त्रुटींतून रूट मिळवत होते, त्याच त्रुटी वापरून ते परक्या फोनांवर ताबा मिळवत होते. भिंतीतले छिद्र घरमालक आणि चोर यांच्यात भेद करीत नाही. या इतिहासातील खरा पेच इथे आहे: छिद्र बुजवणे योग्यच होते, पण मालकाला दुसरा दरवाजा दिलेला नव्हता.

१२/ जुलै २०१३ च्या अँड्रॉइड ४.३ ने ‘एसयू’वरील ती विशेष खूणच अ‍ॅपपुरती निष्प्रभ केली. विकासकांनी रचना बदलली: फोन सुरू होतानाच रूट अधिकाराने एक सेवक-प्रोग्रॅम चालू करायचा, आणि अ‍ॅपने त्याच्याकडे विनंती करायची. त्याच वर्षी सॅमसंगने ‘गॅलेक्सी नोट ३’मध्ये असा फ्यूज बसवला, की अनधिकृत प्रणाली चढवताच तो कायमचा जळे. रूट काढून टाकले तरी खूण उरे. जून २०१४ मध्ये जॉर्ज हॉट्झ यांचे ‘टॉवेलरूट’ आले. लिनक्सच्या गाभ्यातील एका त्रुटीमुळे ते एका बटणावर कित्येक बंदिस्त फोन रूट करी. पुढच्या अपडेटांनी तेही निकामी केले.

१३/ खरे वळण आले नोव्हेंबर २०१४ मध्ये, अँड्रॉइड ५.० बरोबर. तोवर अपडेट एकेक फाइल बदलत असे. आता ते संपूर्ण पार्टिशनला एकच अखंड ठोकळा मानून, त्याचा ठसा जुळतो का हे आधी पाही. एक फाइल बदललेली असली, किंवा पार्टिशन केवळ लिहिण्यासाठी एकदा उघडले गेले असले, तरी अपडेट नाकारले जाई. तोपर्यंत अपडेटमुळे रूट जाई. आता रूटमुळे अपडेट येईना. मालकाला सुरक्षा-दुरुस्ती आणि अधिकार यांतून एक निवडण्याची वेळ आली.

१४/ २०१५ च्या अँड्रॉइड ६.० मध्ये फोन सुरू होताना प्रणालीची अखंडता तपासणे अधिक कडक झाले. यावर चेनफायर यांनी काढलेली तोड विलक्षण होती: प्रणालीला हातच लावायचा नाही. बदल करायचा तो केवळ ‘बूट इमेज’मध्ये, म्हणजे फोन जागा होताना लागणाऱ्या लहानशा भागात, बाकीचे सारे मालकाच्या माहितीच्या पार्टिशनमध्ये ठेवायचे. अपडेटपूर्वी मूळ बूट इमेज परत ठेवायची, अपडेट घ्यायचे, आणि नवी बूट इमेज पुन्हा बदलायची. यासाठी बूटलोडर खुला असावा लागे, आणि तो खुला करताना फोनवरील सर्व माहिती पुसली जाई.

१५/ ऑगस्ट २०१६ मध्ये जॉन वू या तैवानी विद्यार्थ्याने याच कल्पनेवर ‘मॅजिस्क’ उभारले. मूळ फाइल जागच्या जागी ठेवून तिच्यावर बदललेल्या फाइलीचा मुखवटा चढवणे, ही त्याची युक्ती. दोनच महिन्यांनी आलेल्या पिक्सेल फोनांत प्रणालीच्या दोन प्रती होत्या. एक वापरात असताना अपडेट दुसरीवर चढे, आणि पुन्हा सुरू होताना फोन त्या प्रतीवर जाई. तेथे अर्थातच रूट नसे. मॅजिस्कने पुढे यासाठीही सोय केली: अपडेट बसवायचे, पण फोन लगेच पुन्हा सुरू करायचा नाही, आधी त्या निजलेल्या प्रतीच्या बूट इमेजमध्ये मॅजिस्क भरायचे आणि मगच बटण दाबायचे. घाईने आधीच दाबले, तर रूट गेले.

१६/ म्हणजे अपडेटनंतर रूट परत मिळवणे आता काही मिनिटांचे काम झाले होते. नेमक्या याच वेळी प्रश्नाचे स्वरूप पालटले. २०१५ पासून ‘सेफ्टीनेट’ ही गूगलची सेवा अ‍ॅपला सांगू लागली की हा फोन मूळ स्थितीत आहे की नाही. ऑक्टोबर २०१६ पासून नुसता बूटलोडर खुला असला, तरी उत्तर नकारार्थी येऊ लागले. मॅजिस्क हे उत्तर फसवू शके. मात्र मार्च २०२० पासून ही साक्ष चिपमधील सुरक्षित कप्प्याकडून घेण्यास सुरुवात झाली, आणि त्या कप्प्याची किल्ली कोणत्याही रूटच्या हाती लागत नाही.

१७/ भारतात याची झळ पैशांच्या व्यवहाराला बसली. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेविषयी जे निर्देश काढले, त्यांत मोबाइल अ‍ॅपने फोन रूट केलेला आहे का हे तपासण्याचाही समावेश आहे. यूपीआयवर भाजी घेणाऱ्या माणसाला रूट की बँक, असा हिशेब करावा लागू लागला. मे २०२१ मध्ये जॉन वू स्वतः गूगलच्या अँड्रॉइड सुरक्षा-गटात रुजू होत असल्याचे जाहीर झाले. मॅजिस्क चालू राहिले, पण रूट लपवण्याची त्यातील सोय काढून टाकण्यात आली.

१८/ ऑगस्ट २०२२ मध्ये पिक्सेल ६ साठी अँड्रॉइड १३ आले, आणि त्याबरोबर बूटलोडरमध्ये मागे जाण्यास कायमची बंदी आली. एकदा १३ वर गेलेला तो फोन १२ वर परतू शकत नाही. जी१ च्या मालकांनी २००८ मध्ये आरसी२९ वर उतरून जो रस्ता काढला, तोच येथे यंत्राच्या पातळीवर बंद केला गेला. जुनी, त्रुटी असलेली प्रणाली चोराने मुद्दाम चढवू नये, हे त्याचे कारण, आणि ते खरेही आहे.

१९/ या चौदा वर्षांचा ताळेबंद मांडला तर असे दिसते: रूट मिळवण्याचे तंत्र कधीच पूर्णपणे हरले नाही. बूटलोडर खुला करता येणाऱ्या फोनवर ते आजही प्रत्येक अपडेटनंतर परत मिळते. बदलले ते अधिकाराचे मोल. २००८ मध्ये फोन मालकाची आज्ञा मानतो का, एवढाच प्रश्न होता. आता फोन मालकाची आज्ञा मानतो, पण मानल्याची बातमी बँकेलाही देतो, आणि तेवढ्यावर व्यवहार नाकारला जातो. युनिक्सच्या काळी रूट असलेल्या माणसाला संगणकावर सर्वाधिक विश्वासू समजले जाई. आज खिशातल्या फोनवर तेच खाते असणे हे अविश्वासाचे कारण ठरते.

(थ्रेड समाप्त)