रबराची गादी : झाडाच्या चिकापासून बिछान्यापर्यंत

टणक बिछाना आरोग्यास हितकारक, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. फळ्यांच्या पलंगावर कापसाची पातळ गादी, हा सुखवस्तु घरांतीलही रिवाज होता. परंतु कुशीवर निजणाऱ्याचा भार खांदा आणि कंबर या दोन ठिकाणींच विशेष पडतो, आणि उतारवयांत त्यामुळें झोंप मोडते. अशा पलंगावर अंथरण्यासाठीं रबराच्या फेसाचा थर आज बाजारांत मिळतो. तो पारखून घ्यावयाचा, तर त्याचा इतिहास उपयोगी पडतो.

रबराच्या झाडाचा चीक अमेरिकेंतील मूळ रहिवाशांस शतकानुशतकें ठाऊक होता. इ. स. १७३६ मध्यें ल काँदामीन या फ्रेंच पंडितानें त्याचे नमुने पॅरिसला धाडले. १८२३ मध्यें मॅकिंटॉशनें रबर लावलेल्या पावसाळी कापडाचें पेटंट घेतलें. परंतु तें कापड उन्हाळ्यांत चिकट होई व थंडींत ताठरे. हा दोष चार्ल्स गुडइयरनें १८३९ मध्यें गंधक व उष्णता यांच्या साह्यानें घालविला. मागणी वाढली, तसा लोभही वाढला. लिओपोल्ड राजाच्या काँगोंत रबरी वेलींच्या चिकासाठीं प्रजेवर जे अत्याचार झाले, त्यांची हकीकत रॉजर केसमेंटच्या १९०४ च्या अहवालांत नमूद आहे.

इकडे १८७६ मध्यें हेन्री विकहॅमनें ब्राझीलमधून सुमारें ७०,००० बिया लंडनजवळील क्यू येथील बागेंत पोंचविल्या. तेथील रोपें लंकेंत गेलीं आणि पूर्वेकडील मळ्यांचा पाया घातला गेला. झाडास इजा न करतां, साल बेतानें छेदून पुनःपुन्हा चीक काढण्याची रीत सिंगापूरच्या बागेचे प्रमुख हेन्री रिडले यांनीं बसविली. केरळांत पेरियार नदीकांठीं थट्टेकाड येथें १९०२ मध्यें व्यापारी लागवड सुरू झाली. भारतांत सर्वांत अधिक रबर आजही त्याच राज्यांत पिकतें.

अमोनिया घातल्यानें चीक न गोठतां दूरदेशीं नेतां येऊं लागला, तेव्हां गादीचा मार्ग मोकळा झाला. १९२९ मध्यें बर्मिंगहॅमच्या डनलॉप कारखान्यांत मर्फी व त्याचे सहकारी यांनीं हा चीक ताकासारखा घुसळून त्याचा फेस केला, तो रसायनानें सांच्यांत गोठविला आणि उष्णतेनें पक्का केला. या रीतींत जड कण तळाशीं बसतात. म्हणून थर वजनदार व कांहींसा घट्ट होतो. पुढें तालाले या मूळच्या रशियन कुटुंबानें निराळी रीत काढली. तींत सांचा अर्धवट भरून, आंतील हवा काढून फेस फुगवितात; मग तो थिजवून त्यांत कार्बन डायऑक्साइड सोडतात. हा थर सर्वत्र सारखा व अधिक हलका होतो.

१९४२ मध्यें मलाया जपानच्या हातीं गेला आणि रबराचा दुष्काळ पडला. त्या निकडीनें कृत्रिम रबर पुढें आलें. युद्धानंतर पॉलियुरेथेनचा स्वस्त फोमही आला. एकाच ‘फोम’ शब्दाखालीं आज तीन निरनिराळ्या वस्तु विकल्या जातात, त्याचें मूळ येथें आहे. म्हणून ग्राहकानें पहिला प्रश्न विचारावा तो हा, कीं थरांत झाडाचें रबर किती आणि कृत्रिम किती.

दुसरा प्रश्न जाडीचा. कुशीवर निजणाऱ्यास साधारणतः तीन इंच, उताणें निजणाऱ्यास दोन इंच पुरतात. देह भारी असल्यास घट्ट थर बरा. दुकानांत हातानें दाबून समाधान मानूं नये. नेहमींच्या कुशीवर दहा-पंधरा मिनिटें निजून पाहावें. थर टणक पलंगास मऊ करतो, खचलेल्या पलंगास सपाट करीत नाहीं. रबराची ॲलर्जी असणारानें डॉक्टरांस विचारल्यावांचून तो घेऊं नये.

कापसाची गादी उन्हांत टाकावी, ही आपल्या घरांतील शिस्त. रबराच्या बाबतींत तीच घातक ठरते. ऊन लागलें कीं रबर ठिसूळ होऊन त्याचा भुगा पडतो. तें सावलींत, वाऱ्यावर ठेवावें आणि त्यावर सुती खोळ घालावी. म्हणजे तें पुष्कळ वर्षें टिकतें.