अल्‌बिरुनी आणि आपले पंडित

इ. स. १०१७ मध्ये गझनीच्या महमुदाने ख्वारिज्म जिंकले व तेथील विद्वान आपल्या राजधानीस नेले. त्यांत चाळिशी ओलांडलेला अबू रैहान अल्‌बिरुनी होता. महमुदाच्या स्वाऱ्यांनी जी वाट पडली, तिनेच हा गणिती पंजाबात आला, संस्कृत शिकला, पैशाकडे न पाहता पोथ्या आणि पंडित शोधीत राहिला. इ. स. १०३० च्या सुमारास, म्हणजे महमूद वारला त्याच वेळी, त्याने हिंदुस्थानावरील आपला ऐंशी प्रकरणांचा अरबी ग्रंथ पुरा केला. दर्शने, छंद, वजनेमापे, कालगणना असे सारे त्यात आहे. कोकणची राजधानी म्हणून आपल्या ठाण्याचीही नोंद आहे.

महमुदाच्या पराक्रमाचे कौतुक करणारी हीच लेखणी, त्याच्या स्वाऱ्यांनी देशाची भरभराट धुळीस मिळाली आणि विद्या काश्मीर-काशीकडे निघून गेली, हेही नमूद करते. हा भाग आम्ही आवडीने सांगतो. पुढचा मात्र गाळतो! आपल्याखेरीज जगात कोणाला शास्त्र ठाऊक नाही असे येथील पंडितांना वाटते, असे तो म्हणतो. आणि त्यांचे पूर्वज असे नव्हते, हे दाखविण्यास साक्षीला आणतो तो वराहमिहिराला. यवन म्लेच्छ खरे, पण ज्योतिषात पारंगत म्हणून पूज्य, असे वराहमिहिराने म्हटले होते.

ब्रह्मगुप्ताविषयीचे त्याचे विवेचन तर मुळातूनच वाचावे. ग्रहण छायेमुळे होते हे ब्रह्मगुप्तास पक्के ठाऊक. गणितही तो तसेच मांडतो. तरी राहू न मानणाऱ्यांवर तो टीका करतो. हे कसे? अल्‌बिरुनी त्याला अडाणी म्हणत नाही. सॉक्रेटिसावर आले तसे संकट टाळण्यासाठी तो असे बोलला असावा, असा त्याचा तर्क आहे. परक्याच्या ग्रंथातील विसंगतीमागे माणसाची भीती ओळखणारा असा टीकाकार आम्हांस तरी क्वचितच भेटला आहे.

त्याने पतंजलीचे योगशास्त्र अरबीत नेले. ते भाषांतर उपलब्ध आहे. उलट दिशेने युक्लिडची भूमिती संस्कृत श्लोकांत आणण्याचे कामही तो करीत होता. ते श्लोक मात्र राहिले नाहीत. आज आपल्याकडे युक्लिडचे जे संस्कृत रूपांतर आहे, ते अठराव्या शतकात सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने केले, आणि तेही अरबीवरून.