हजेरीपटावरचे आरोग्य

भिलाई पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपुरातून चालत असे. तत्कालीन मध्य प्रदेशाची ती राजधानी होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशभरातून माणसे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. कारखान्याबरोबर वसाहत उभी राहिली आणि सेक्टर ९ मध्ये मोठे रुग्णालयही.

प्रशासनाच्या दृष्टीने अशा वसाहतीचे खरे वैशिष्ट्य म्हणजे तिचा हजेरीपट. कोण कोठे राहतो, त्याचे वय काय, घरात कोण आहे, हे सारे कागदावर असते. कर्करोगाचे स्क्रीनिंग, म्हणजे लक्षणे दिसण्याआधीची तपासणी, वैद्यकशास्त्राइतकेच अशा यादीवर चालते, असे माझे मत आहे.

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा 'पॉलिप' नावाच्या छोट्या गाठीतून, अनेक वर्षांच्या अवधीत वाढतो. गाठ वेळीच काढली तर कर्करोग टळतो. या अवधीत रुग्णाला काही जाणवत नाही. शौचातून रक्त गेलेच, तर ते मूळव्याधीच्या खाती जमा होते. डोळ्यांना न दिसणारे हे रक्त साध्या चाचणीत सापडते. अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९७५ मध्ये ५० ते ८० वयोगटातील ४६,५५१ लोकांवर अभ्यास सुरू झाला. १९९३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, दरवर्षी ही चाचणी व दोष आढळल्यास पुढील तपासणी केलेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटले.

हे श्रीमंत देशांनाच जमते असा समज असल्यास बार्शीकडे पाहावे. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. रोग वेगळा होता, गर्भाशयमुखाचा. पण पद्धत तीच. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने त्या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. गावोगावच्या याद्या, घरोघरी निरोप आणि दोष आढळलेल्या प्रत्येकीचा पाठपुरावा यांवाचून ते शक्य नव्हते.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग घेतले गेले. आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळ कमी असल्याने हा प्राधान्यक्रम समर्थनीय आहे. मात्र सरासरी देशाची असते, व्यक्तीची नव्हे. कारखान्यांविषयीच्या कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांतील कामगारांची नियतकालिक तपासणी आणली, पण तिचा रोख व्यवसायजन्य रोगांवर होता. शिवाय निवृत्तीच्या दिवशी माणूस हजेरीपटावरून उतरतो, आणि या रोगाचा धोका वाढतो तो नेमका त्याच वयात. म्हणून औद्योगिक नगरांनी निवृत्तांची यादीही जिवंत ठेवावी, ज्यांच्या रक्ताच्या नात्यात हा रोग झाला आहे त्यांची नोंद घ्यावी आणि त्यांना आधी बोलवावे. यासाठी नव्या इमारतीची गरज नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या, विशेषतः परदेशस्थ वाचकांसाठी आणखी एक मुद्दा. जपानमधून अमेरिकेत गेलेल्या लोकांचा अभ्यास हेन्झेल व कुरिहारा यांनी १९६८ मध्ये मांडला. स्थलांतरितांत आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण नव्या देशाच्या पातळीकडे सरकलेले त्यांना आढळले. 'आमच्याकडे हा रोग नसतो' हे वाक्य सामानाबरोबर परदेशी नेण्याजोगे नाही. इंग्लंडमध्ये २००६ पासून चाचणीचा संच टपालाने घरी येतो. अमेरिकेत २०२१ पासून तपासणीचे शिफारस केलेले वय ४५ आहे. आपण जेथे राहतो, तेथील नियम आपल्याला लागू समजावेत. आणि शौचातून रक्त, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल किंवा कारण न समजणारा रक्तक्षय असेल, तर स्क्रीनिंगच्या वयाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

शासनाची यादी आपल्यापर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचेल. तोवर प्रत्येक घराने आपली यादी करावी: कोणाचे वय किती, आजी-आजोबांना, काका-मावशींना काय झाले होते, शेवटची तपासणी केव्हा झाली. चार ओळींचा हा हजेरीपट ठेवायला कोणाच्या मंजुरीची आवश्यकता नाही.