उरोस्थीची जखम : उपचार आणि प्रतिबंध

छातीचे मधले हाड, म्हणजे उरोस्थी, उभे चिरून आत जाण्याची वाट कैरोतील हर्बर्ट मिल्टन यांनी १८९७ साली दाखवली होती. तिच्याकडे हृदयशल्यविशारदांचे लक्ष वळले ते १९५७ मध्ये, शिकागोच्या ऑरमंड ज्युलियन यांच्यामुळे. या वाटेने हृदय समोर स्वच्छ दिसते, म्हणून ती लवकरच सर्रास झाली आणि हाडाखाली पू होण्याचे दुखणेही मागोमाग आले.

हे दुखणे साधे नव्हे. शस्त्रक्रियेनंतर हाडाचे दोन भाग स्टीलच्या तारांनी आवळतात, पण खोकल्याच्या प्रत्येक उबळीसरशी त्यांवर ताण येतो. बायपाससाठी छातीच्या आतली धमनी सोडवून घेतली, तर त्या बाजूच्या हाडाचा रक्तपुरवठाही घटतो. तारा सैल झाल्या की जंतूंना थेट हृदयापर्यंत रस्ता मोकळा.

सुरुवातीला जखम उघडी ठेवून तीत गॉज भरत. बरेच रुग्ण दगावत. १९६३ मध्ये इंडियानाच्या शूमेकर आणि मँडेलबॉम यांनी छाती पुन्हा बंद करून नळ्यांवाटे प्रतिजैविकांचे द्रावण आत खेळवले. १९७६ मध्ये ली यांनी पोटातला चरबीचा पडदा वर ओढून पोकळी भरली. १९८० मध्ये अटलांटात जुर्कीविच यांनी छातीचे स्नायू वळवून तेच साधले. रक्ताने भरलेली जिवंत ऊती पोकळीत आल्यावर जखमा भरू लागल्या. अर्जेंटा आणि मॉरिकवास यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेली, स्पंज लावून जखमेतला स्राव ओढून घेण्याची पद्धतही पुढे छातीवर वापरली गेली.

जखम चिघळूच नये यासाठीचे उपाय मात्र अगदी साधे निघाले. शल्यगृहातल्या सवयी तेवढ्या मोडाव्या लागल्या. वस्तऱ्याने केस काढणे ही त्यांतली सर्वांत जुनी. १९७१ च्या एका अभ्यासात वस्तरा फिरवलेल्या रुग्णांत ५.६ टक्के, तर केस न काढलेल्यांत ०.६ टक्के जखमा बिघडल्या. १९९२ मध्ये क्लासेन यांनी २,८४७ रुग्णांच्या नोंदींवरून दाखवले की प्रतिजैविक चीर देण्याआधीच्या दोन तासांत दिले, तर त्याचा लाभ सर्वाधिक होतो. हे दोन्ही अभ्यास हृदयरुग्णांपुरते नव्हते, पण हृदयविभागांनी त्यांचा धडा घेतला. मधुमेहींसाठीचा पुरावा १९९९ मध्ये पोर्टलंडहून आला : शस्त्रक्रियेनंतर इन्सुलिन शिरेतून सतत देऊन साखर आटोक्यात ठेवल्यावर खोल जंतुसंसर्ग २ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आला.