पोहे आणि पोहा

झाशी शहरात रेल्वे वसाहतीलगत नगरा नावाची वस्ती आहे. या शहरात मराठी भाषा आली ती मात्र रेल्वेच्या पुष्कळ आधी, अठराव्या शतकात मराठ्यांच्या सुभेदारीबरोबर. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. शतक सरता सरता आगगाडी आली आणि तिच्या दप्तरांतून इंग्रजीही आली. अशा गावी वाढणाऱ्या मराठी मुलाला तीन व्याकरणे एकदम सांभाळावी लागतात. आई म्हणते, 'पोहे झाले'. शेजारीण म्हणते, 'पोहा बन गया'. पदार्थ तोच, परंतु मराठीत तो अनेकवचनी आणि हिंदीत एकवचनी!

शाळेत इंग्रजीचा दंडक आणखी निराळा. तेथे 'राइस' आणि 'ब्रेड' ही नामे अगणनीय मानली जातात. 'दोन ब्रेड' असे लिहिले की तांबडी रेघ उमटते. 'ब्रेडचे दोन लोफ' म्हटले की वाक्य शुद्ध होते. मूल बिचारे समजते, की मोजता येणे हा त्या वस्तूचाच गुण असावा.

वस्तुतः तसे नाही. इंग्रजीत गहू अगणनीय आहे, पण त्याचाच भाऊबंद 'ओट्स' अनेकवचनी. वाटाण्याची कथा तर अधिक बोधप्रद आहे. जुन्या इंग्रजीत त्याला 'पीझ' म्हणत, आणि तो शब्द एकवचनीच होता. शेवटचा 'झ' अनेकवचनाचा प्रत्यय असावा अशा समजुतीने सतराव्या शतकाच्या सुमारास लोकांनी तो काढून टाकला आणि 'पी' हे नवे एकवचन घडविले. तेव्हापासून वाटाणे मोजले जाऊ लागले. दाणा बदलला नाही. बदलली ती बोलणाऱ्यांची समजूत.

आपल्या मराठीतही हेच दिसते. आपण तांदूळ 'निवडतो', तेव्हा ते अनेक असतात. शिजल्यावर 'भात झाला', तो एक होतो. चुरमुरे अनेक, परंतु डाळ एक आणि साखरही एकच, जरी दाणे दोहोंतही असंख्य.

डॅनिश पंडित ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ च्या 'द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर' या ग्रंथात वस्तुवाचक आणि द्रव्यवाचक शब्दांचा भेद विवरून सांगितला. एकाच पदार्थाकडे कधी सुट्या नगांचा समूह म्हणून, तर कधी अखंड द्रव्य म्हणून पाहता येते. उपाहारगृहात 'दोन चहा' मागणारा मराठी माणूस पेले मोजत असतो, आणि तेथे इंग्रजही 'टू टीज्' म्हणतोच.

म्हणून 'दोन ब्रेड' लिहिणाऱ्या मुलाची चूक शिक्षकाने अवश्य सुधारावी. परंतु तिला अडाणीपणा म्हणू नये. त्याने आपल्या भाषेचा हिशेब दुसऱ्या भाषेत मांडला, एवढेच. तो हिशेब कोठे जुळत नाही हे त्याला समजावून सांगितले, तर एका नियमाबरोबर दोन भाषांचे स्वभाव त्याच्या हाती लागतील.