बेसाल्ट व ग्रॅनाइट : उत्पत्तिविषयक वाद

बेसाल्ट व ग्रॅनाइट हे सर्वपरिचित अग्निज खडक होत. बेसाल्ट काळपट, सूक्ष्मकणी व जड असून त्यात सिलिका सु. ४५–५२ टक्के असते. ग्रॅनाइट फिकट, भरडकणी व त्यामानाने हलका असून त्यात सिलिका सु. ७० टक्के असते. शिलारस भूपृष्ठावर लवकर थिजल्यास कण बारीक राहतात, तर खोलवर सावकाश थिजल्यास मोठे स्फटिक बनतात. तथापि या दोन खडकांतील भेद केवळ कणांच्या आकारमानाचा नाही. बेसाल्टी शिलारस खोलवर थिजल्यास गॅब्रो हा खडक बनतो, ग्रॅनाइट नव्हे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस यूरोपात हे दोन्ही खडक पाण्यात तयार झाले, हे मत प्रबळ होते. फ्रायबेर्क (सॅक्सनी) येथील खाणकाम विद्यालयात १७७५ पासून अध्यापन करणारे आब्राहाम गोटलोप व्हेर्नर (१७४९–१८१७) हे या मताचे प्रमुख प्रवर्तक होत. आद्य महासागरातून प्रथम ग्रॅनाइटाचा व पुष्कळ नंतर बेसाल्टाचा निक्षेप साचला, असे ते शिकवीत. शाइबेनबेर्क टेकडीवर वाळू व चिकणमाती यांच्या थरांवर बेसाल्ट असल्याचे त्यांनी पाहिले होते. त्यांचा निष्कर्ष निराधार कल्पनाविलास नव्हता. या मताच्या अनुयायांना रोमन समुद्रदेवतेवरून नेपच्यूनवादी म्हणत.

फ्रान्समधील ओव्हेर्न्य भागात नीकॉला देमारे यांना १७६३ मध्ये बेसाल्टाचे स्तंभ आढळले. तेथील प्रवाहांचा माग काढीत त्यांनी बेसाल्टाचा संबंध विझलेल्या ज्वालामुखींशी जोडला. पुढे व्हेर्नर यांचे शिष्य लेओपोल्ट फोन बूख व दोब्युईसाँ यांनी हा प्रदेश पाहिला आणि तेथील बेसाल्ट लाव्हाजन्य असल्याचे मान्य केले. गुरूची कीर्ती शिखरावर असताना शिष्यांनी घेतलेली ही भूमिका उल्लेखनीय होय.

ग्रॅनाइटाची उत्पत्ती कोणास पाहता येत नाही. जेम्स हटन यांना १७८५ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लेन टिल्ट येथे ग्रॅनाइटाच्या शिरा दुसऱ्या खडकांत घुसलेल्या आढळल्या. म्हणजे ग्रॅनाइट तेथील सर्वांत जुना खडक नव्हता, तर वितळलेल्या स्थितीत नंतर आलेला होता. सर जेम्स हॉल यांनी हटन यांच्या हयातीत आदरापोटी प्रयोग टाळले. नंतर १७९८ मध्ये त्यांनी बेसाल्टी खडक वितळवून दाखविले, की रस लवकर निवविल्यास काच व सावकाश निवविल्यास पुन्हा स्फटिकी खडक मिळतो.

येथे बेसाल्टाचा वाद जवळजवळ मिटला. ग्रॅनाइटाचा मात्र विसाव्या शतकात पुन्हा उद्भवला. जुने खडक न वितळता, घन स्थितीतच बदलून ग्रॅनाइट बनतो, असे ग्रॅनाइटीभवनवादी म्हणत. टटल व बोएन यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी शिलारसाची बाजू भक्कम झाली. पाण्याच्या वाफेच्या दाबाखाली ग्रॅनाइटी द्रव्य पुष्कळ कमी तापमानास वितळते, असे त्यांत आढळले. बहुतेक मोठ्या ग्रॅनाइटराशी शिलारसापासून बनल्या, हे मत आता मान्य आहे. हा शिलारस भूकवच अंशतः वितळून किती आणि बेसाल्टी शिलारसाच्या भिन्नीभवनाने किती मिळाला, याचे उत्तर प्रत्येक राशीगणिक शोधावे लागते.

हे दोन्ही खडक महाराष्ट्रात एकावर एक आहेत. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या खोल छिद्रांत, काही ठिकाणी सु. १,२५० मी. जाडीचे बेसाल्टाचे थर भेदल्यावर, ग्रॅनाइट व नाइस हे खडक लागले. वरचा बेसाल्ट सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, तर खालचे खडक २५० कोटी वर्षांहून जुने आहेत.